गिरणीसाठी जनरेटर घेऊ का? लाईटीचा काही भरवसा राहिला नाही

गिरणीवाली (मसूर, ता. कराड)

नमस्कार मंडळी. मसूरच्या अलीकडं आमची पिठाची गिरणी आहे. एक चक्की, आणि शेजारी मिरचीचा डंक. चक्कीला १० एचपीची मोटर, डंकाला ५ ची. सासऱ्यांनी चालू केलेली, आता मी आणि आमचे मालक बघतो. खरं तर मीच बघते. ते डेअरीला दूध घालून जे रानात जातात ते संध्याकाळीच येतात.

या उन्हाळ्यात लाईटीनं पार जीव काढलाय. दुपारी दोन-तीन तास जाते ती जातेच. संध्याकाळी येते, पण इतक्या कमी दाबानं की मोटर नुसती गुरगुरते, उचलत नाही. ऐन मिरचीचे आणि कुरडया-पापडांचे दिवस. बायका डबे ठेवून जातात, चार वेळा हेलपाटे घालतात, आणि मग पुढच्या गावच्या गिरणीत जातात. एकदा गेलेलं गिऱ्हाईक परत येत नाही हो.

एका दुकानदारानं २५ केव्हीएचा डिझेल जनरेटर सांगितलाय, चार लाखांच्या पुढं जातोय. दुसरा म्हणतो, पत्र्यावर सोलर टाका, लाईट गेली तरी गिरणी चालेल. तिसरा एक डबी घेऊन आला होता, प्लगला लावली की बिल तीस टक्के कमी म्हणे. बिल महिन्याला सात-आठ हजार येतं.

कर्ज काढायचं तर एकदाच काढायचं आहे. कुणी गिरणीवाले असतील तर सांगा, यातलं काय घेऊ?

रानातला गडी (कोरेगाव)

जनरेटर घ्या आणि मोकळ्या व्हा ताई. लाईट सुधारायची वाट बघत बसलात तर नातवंडं गिरणी चालवायला येतील.

वायंडिंगवाला (ओगलेवाडी)

ताई, जनरेटरवाल्याला विसार द्यायच्या आधी माझं थोडं ऐका. ओगलेवाडीला माझं मोटर वायंडिंगचं दुकान आहे. विहिरीवरच्या, गिरणीतल्या, गुऱ्हाळावरच्या मोटरी जळून येतात त्यावर माझी चूल पेटते. लाईट जितकी वाईट तितका माझा धंदा बरा. तेव्हा आता जे सांगतोय ते पोटावर पाय देऊन सांगतोय असं समजा.

पहिलं, दगड. शेवटची टाकी कधी मारली होती, म्हणजे दगडाला छिन्नीनं परत धार कधी लावली होती? दगड बोथट झाले की दाणा चिरला जात नाही, रगडला जातो. मग आपण दगड आणखी दाबून बसवतो, मोटर आणखी ओढते आणि पीठ गरम येतं. पीठ डब्यात पडताना खाली हात धरून बघा. कोमट असेल तर चालतंय. चटका बसत असेल, झाकण लावल्यावर डब्याला आतून घाम येत असेल, तर बिलातली वीज तुम्ही पीठ शेकायला घालवताय. वर पोळ्या चिवट होतात म्हणून गिऱ्हाईक बोलतं ते वेगळंच. टाकी मारणारा माणूस आता लवकर मिळत नाही हे कबूल, पण शोधा. कराडच्या मंडईत जुन्या गिरणीवाल्यांकडं विचारा, त्यांच्याकडं असतो एखादा.

दुसरं, एक क्लॅम्प मीटर आणा, नाहीतर वायरमनकडून तासाभरासाठी मागून घ्या. वायरीभोवती चिमटा अडकवायचा, वायर कापायची नाही. १० एचपीची मोटर ४१५ व्होल्टला पूर्ण भारावर १४ अँपिअरच्या आसपास घेते. दगड सुटे करून मोकळी चालवली तर पाच-सहा दाखवायला पाहिजे. मोकळीच आठ-नऊ घेत असेल तर दाण्याचा यात काही संबंध नाही. बेअरिंग, पट्टा नाहीतर वायंडिंग खातंय. तिन्ही फेजला लावून बघा. एका फेजला जास्त आणि एकाला कमी आलं तर मला फोटो टाका.

पट्टे कुठले आहेत? व्ही-बेल्ट असतील आणि तीनातला एकच नवा टाकला असेल तर तो एकटाच ओढतो, बाकीचे दोन नुसते पुलीवर फिरतात. बदलायचे तर पूर्ण जोड बदला. जुना सपाट पट्टा असेल आणि सारखी राळ लावावी लागत असेल तर पुल्या एका ओळीत नाहीत. दोन्ही पुल्यांच्या तोंडाला दोरा ताणून धरा, लगेच कळतं.

मोटर किती वेळा वायंड झालीय? हे मी विचारतोय याचं हसू येईल. पण घाईच्या वेळी जळकं वायंडिंग निघावं म्हणून काहीजण स्टेटर, म्हणजे मोटरीचा न फिरणारा पत्र्यांचा भाग, गॅसच्या ज्योतीवर भाजतात. पत्र्यांच्या मधलं इन्शुलेशन त्यात जातं, मग कोअर तापतो, आणि दरवेळी टक्का-दोन टक्के कार्यक्षमता कायमची जाते. मोटर फिरते, त्यामुळं कुणाला कळत नाही. मीटरला कळतं. दोन-तीनदा भाजून झाली असेल तर पुढच्या खेपेला वायंडिंगला पैसे घालू नका, मला मिळाले नाहीत तरी चालतील. नवी आयई-३, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या दर्जाची, घ्या. या मापाची नवी मोटर ९० टक्क्यांच्या वर चालते.

आता संध्याकाळचं गुरगुरणं. मोटरीचा जोर व्होल्टेजच्या वर्गानं उतरतो. ४१५ च्या जागी ३३० आले, म्हणजे व्होल्टेज वीस टक्केच पडलं, पण जोर पडला जवळजवळ ३७ टक्के. त्यात दगड बोथट, पट्टा ताणलेला, वर हॉपर गव्हानं भरलेला. कशी उचलणार? दगड मोकळे करून सुरू करा, वेग घेऊ द्या, मग दाणा सोडा. आणि सबस्टेशनवरून शेतीच्या फीडरला थ्री फेज कधी असते त्याचं वेळापत्रक वायरमनकडून घ्या, ते बदलत असतं. शेतीचे पंप चालू नसतील त्या वेळेत दळण काढलं तर दाब बराच चांगला मिळतो. दळण काय डब्यात थांबतं, दुधासारखं नासत नाही.

आता तुमच्या तीन गोष्टी.

डबी घेऊ नका. आत एक छोटा कपॅसिटर आणि एक लाल दिवा असतो. तुमच्यासारख्या छोट्या जोडणीला बिल युनिटवर येतं, कपॅसिटरनं युनिट कमी होत नाहीत. खरा, मोटरीच्या मापाचा कपॅसिटर स्टार्टरला लावला तर वायरीतला प्रवाह उतरतो आणि दाब थोडा सुधारतो. तो जरूर लावा, पण बिल कमी होईल म्हणून नाही.

सोलरचं अर्धवट सांगितलंय. बॅटरी नसलेलं, मीटरला जोडलेलं सोलर लाईट गेली की आपोआप बंद पडतं. पडायलाच पाहिजे, नाहीतर लाईनवर काम करणारा माणूस मरेल. बिल उतरवायला सोलर उत्तम. तुमचा प्रश्न बिलाचा नाही, दुपारचा आहे.

आणि जनरेटर. २५ केव्हीए का सांगितला माहितीये? थेट स्टार्टरवर मोटर सुरू होताना पाच-सहा पट प्रवाह ओढते. तो एक झटका सोसायला एवढं मोठं धूड. स्टार-डेल्टा स्टार्टर, म्हणजे मोटर आधी कमी दाबावर उठवून मग पूर्ण दाब देणारा, लावला तर झटका तिसऱ्या हिश्शावर येतो आणि १५ केव्हीएत काम भागतं. डिझेलचं म्हणाल तर लिटरला तीन-साडेतीन युनिट धरा. नव्वद रुपयांच्या आसपास डिझेल, म्हणजे युनिट पंचवीस-तीस रुपयांना पडलं, मशीनची किंमत वेगळी. बोथट दगडावर तीस रुपयांची वीज घालायची का, हे आधी ठरवा. भार उतरवा, मग जनरेटरचं माप काढा. उलटं केलं की कर्ज बसतं.

पेठेतला (सातारा)

वायंडिंगवाले दादा, माहिती चांगली आहे, पण गिरणीतले चार अँपिअर वाचवून भारनियमन थांबणार आहे का? खाली आकडे टाकून उसाला पाणी पाजतात, त्यांना कोण विचारतो? काटकसर कायम गरिबानं करायची. हा उपदेश २००५ पासून ऐकतोय, तेव्हा बारा-बारा तास अंधारात बसून ऐकला.

शिवसागरकर (कोयनानगर)

पेठेतले, तुमचा राग बरोबर आहे. पण "चार अँपिअरनं काय होतं" हे तेवढं बरोबर नाही. आमचे वडील कोयना प्रकल्पावर नोकरीला होते, घरात दुसरा विषय नसायचा, म्हणून थोडं लांबण लावतो.

कोयना १९६० मेगावॅटची आहे, पण ती चोवीस तास तेवढी चालवायची नसतेच. पाणी मोजून मिळतं. धरण १०५ टीएमसीचं, त्यातलं वर्षाला ६७.५ टीएमसी वीज करायला पश्चिमेला सोडता येतं, कृष्णा पाणीवाटप लवादानं घातलेली मर्यादा आहे ती. त्यामुळं कोयना वापरायची ती मुख्यतः मागणी चढते तेव्हा. पोफळीच्या वीजघराकडं पाणी जवळजवळ पाचशे मीटर खाली पडतं, पुढं कोळकेवाडीला परत एकदा वीज करतं, आणि मग वाशिष्ठीतून समुद्राला. मी कागदावर मांडून बघितलं, एका युनिटमागं साधारण सातशे-आठशे लिटर पाणी जातं. ते पाणी कृष्णेत परत येत नाही.

पूर्वेला सोडलं तर तेच पाणी कराडच्या प्रीतिसंगमावरून खाली टेंभूला जातं, आणि तिथून दुष्काळी तालुक्यांसाठी वर उचलायला उलट आपल्यालाच वीज लागते. एका बाजूला पाणी देऊन वीज, दुसऱ्या बाजूला वीज देऊन पाणी. २०२३ ला पाऊस कमी झाला तेव्हा याच पाण्यावरून सातारा आणि सांगलीत किती तोंडातोंडी झाली ते सगळ्यांनी पेपरात वाचलंय. अशा वर्षी ताईंच्या गिरणीत संध्याकाळी वाचलेलं युनिट आणि कुठल्या तरी कारखान्यात रात्री दोनला वाचलेलं युनिट यांची किंमत सारखी नसते. टंचाई असते ती बहुतेक वेळा ठराविक तासांची.

आता काटकसरीनं भारनियमन टळतं का, त्याला ब्राझीलचं उदाहरण बघा. तेव्हा त्यांची वीज जवळजवळ सगळी धरणांवर होती. २००१ ला पाऊस दगा देऊन गेला, धरणं तळाला. नवीन वीजकेंद्र काही महिन्यांत उभं राहत नाही. सरकारनं जूनपासून सांगितलं, आदल्या वर्षी तुम्ही जेवढी वापरली त्यापेक्षा वीस टक्के कमी वापरा. मापात राहिलात तर तुमची वीज तोडणार नाही, त्याहून कमी वापरलीत तर वर बक्षीस. ओलांडलीत तर दंड, आणि वीज तोडायची धमकी. लोकांनी दिवे बदलले, घरोघरचे फ्रीजर बंद केले. फेब्रुवारी २००२ पर्यंत हे चाललं आणि फिरतं भारनियमन करावं लागलं नाही. म्हणजे पेठेतले, फरक कुठं पडला बघा. तिथं प्रत्येकाला त्याचा आकडा दिला होता आणि आकडा पाळला तर लाईट राहील असा शब्द दिला होता. आपल्याकडं मी पंखा बंद केला तरी माझी लाईट जायची ती जातेच. मग मी कशाला बंद करू? लोक आळशी आहेत असं नाही, हिशेब त्यांना कळतो.

जपाननं २०११ ला फुकुशिमानंतर मोठ्या कारखान्यांना १५ टक्के कपात कायद्यानं लावली. मोटारीवाल्यांनी गुरुवार-शुक्रवार सुट्टी घेऊन शनिवार-रविवार काम केलं. पुण्यातल्या एमआयडीसीच्या गुरुवारच्या सुट्टीमागं तरी दुसरं काय आहे?

बेदाणावाला (तासगाव)

शेतकऱ्यावर घसरलात म्हणून लिहितो. आकडे टाकतात ते टाकतात, त्यांची बाजू घेत नाही. पण जो सरळ वापरतो त्याचंही ऐका. एप्रिल २०२४ पासून साडेसात एचपीपर्यंतच्या पंपाला बिल माफ आहे. आम्हाला बरं वाटलं, का नाही वाटणार? पण फुकट मिळणाऱ्या गोष्टीत कोण काटकसर करतो? त्याच्या आधीही पुष्कळांना मीटर नव्हता, एचपीवर आकारणी. चांगला पंप घेतला काय नि भंगार पंप चालवला काय, बिल तेच.

तरीपण आमच्या डीपीवर (शेतातल्या ट्रान्सफॉर्मरवर) आम्ही एक केलं, ते बिलासाठी नाही, मोटरी जळायला लागल्या म्हणून. सगळ्यांचे ऑटोस्विच. लाईट आली रे आली की डीपीवरच्या सगळ्या मोटरी एका दमात उठायच्या, फ्यूज जायचा नाहीतर दाब बसायचा. भांडणं झाली, एकमेकांची शेतं पंधरा वर्षांची वैरी. शेवटी वायरमननं मध्यस्थी केली, निम्म्यांनी ऑटोस्विच काढले, बाकीच्यांनी टायमर लावून थोड्या-थोड्या अंतरानं मोटर उठेल असं केलं. प्रत्येकानं कपॅसिटर लावला. दोघांनी लावून परत काढला, ते जाऊ दे. आता डीपी जळायची थांबलीय आणि शेवटच्या टोकाच्या माणसालाही पाणी मिळतंय. लाईट वाढली नाही, तीच वाटून घेतली.

विषय निघाला म्हणून सांगतो, सांगलीजवळ हरिपूरला हळद जमिनीतल्या पेवात ठेवायचे. वर्षानुवर्षं टिकायची आणि एक युनिट लागायचं नाही. २००५ च्या पुरात बरीच पेवं गेली. माझा बेदाणा कोल्ड स्टोरेजला असतो, तिथं रात्रंदिवस कॉम्प्रेसर. लाईट गेली की मालक आधी जनरेटरकडं पळतो आणि मग दाराच्या रबराकडं, जे वर्षभर फाटकंच असतं.

विश्रामबागकर (सांगली)

गिरणीचं मला कळत नाही. घरात इन्व्हर्टर असेल तर जुने ७५ वॅटचे पंखे काढून २८-३० वॅटचे बीएलडीसी लावा. त्याच बॅटरीवर पंखा दुपटीहून जास्त वेळ चालतो. आम्ही नवी बॅटरी घ्यायला निघालो होतो, पंखे घेऊन आलो.

गिरणीवाली (मसूर, ता. कराड)

सगळ्यांचे आभार. उत्तर द्यायला उशीर झाला, टाकीवाला मिळायलाच वेळ गेला. शेवटी रहिमतपूरचे एक आजोबा आले. दगड उलटा करून, त्यावर गेरूचा हात फिरवून, कुठं उंच कुठं खोल बघत दुपारभर टाकी मारत बसले. चहाशिवाय काही घेतलं नाही आणि आमच्या मालकांना दोन शिव्या दिल्या, इतका दगड कुणी घासू देतं का म्हणून.

वायंडिंगवाले दादा, आकडे लिहिते. टाकीच्या आधी मोटर मोकळी ८, गहू दळताना १९ अँपिअर, दाब ३६० होता. एका फेजला दोन अँपिअर जास्त होतं, ते कटआऊटचं टोक काळं पडलं होतं, वायरमननं घासून घट्ट केलं. तीन पट्ट्यांत एक नवा, दोन जुने, अगदी तुम्ही लिहिलंय तसंच. जोड बदलला. आता मोकळी ६ आणि दळताना १५ घेते, आणि डबा पण आधीपेक्षा लवकर निघतोय. पीठ कोमट येतं. एका आजीनं विचारलं सुद्धा, गव्हाचं वाण बदललं का गं म्हणून.

वेळ सकाळची केलीय, डबे आदल्या संध्याकाळी ठेवून जायचे, नाव खडूनं लिहायचं. बायका आधी कुरकुरल्या. संध्याकाळी फक्त डंक चालवते, तेवढा दाब त्याला पुरतो.

दुपारचं मात्र सुटलं नाही. मिरचीच्या दिवसांत डंकाला तरी काहीतरी पाहिजेच. आमच्या गावातल्या मंडपवाल्याकडं १५ केव्हीएचा आहे, लग्नाची तारीख नसेल त्या दिवशी भाड्यानं द्यायला तयार आहे. मी म्हटलं दोन महिने असं काढू, मग बघू. चालेल का तो? स्टार-डेल्टा अजून लावलेला नाही.

पेठेतल्या दादांना सांगा, माझे चार अँपिअर वाचले ते माझ्याच बिलात वाचले. भारनियमन थांबलं नाही हे पण खरं.

पेठेतला (सातारा)

सांगायला कशाला पाहिजे, वाचतोय. पण माझा मुद्दा जागेवरच आहे. तुम्ही तुमच्या खर्चानं दुरुस्त केलंत, वर भाडं पण तुम्हीच भरणार.

वायंडिंगवाला (ओगलेवाडी)

पेठेतल्यांशी माझं भांडण नाही. ताई, आकडे झकास आलेत. ३६० दाबाला १५ म्हणजे मोटर तब्येतीत आहे, इतक्यात नवी घेऊ नका.

मंडपवाल्याच्या जनरेटरवर एका वेळी एकच चालवा, डंक किंवा चक्की. ५ ची मोटर थेट स्टार्टरवर आरामात उचलेल. १० ची स्टार-डेल्टाशिवाय लावू नका, जनरेटर दमेल आणि व्होल्टेज आपटलं की तुमचंच वायंडिंग जाईल. आधी तो थ्री फेज आहे का ते प्लेटवर बघा. मंडपवाल्यांचे बरेच सिंगल फेज असतात, नुसते दिवे-स्पीकर चालवायला.

दोन गोष्टी विसरू नका. पहिल्यांदा जोडल्यावर पट्टा उतरवून नुसती मोटर फिरवा आणि दिशा बघा. फेजचा क्रम उलटा असेल तर ती उलटी फिरेल. तसं झालं तर जनरेटरच्या बाजूच्या कुठल्याही दोन फेजच्या वायरी आपसात बदलायच्या, स्टार्टरच्या बाजूला हात लावायचा नाही, नाहीतर लाईट आल्यावर परत उलटं. आणि चेंजओव्हर स्विच, म्हणजे एका वेळी लाईट किंवा जनरेटर एकच जोडणारा, बसवल्याशिवाय जोडायचंच नाही, मंडपवाला कितीही म्हणाला "मी रोज असंच जोडतो" तरी. तुमची वीज उलटी खांबावर गेली तर वर चढलेल्या वायरमनला कळायच्या आत संपेल. स्विच ६३ अँपिअरचा, चार पोलचा घ्या. बसवायला आपल्या गावचाच वायरमन बोलवा, त्याला स्वतःचा जीव प्यारा असतो, नीट बसवेल.

स्टार-डेल्टाचा स्टार्टर माझ्याकडं एक जुना, तपासलेला पडून आहे. मोटरीच्या टर्मिनल बॉक्समध्ये सहा टोकं बाहेर काढलीत की तीनच, तेवढं झाकण उघडून बघा आणि कळवा. बघताना मेन बंद ठेवा. तीनच असली तर तो स्टार्टर तुमच्या काही कामाचा नाही.